खांब वर्गाचे, पाणी घनाचे

मार्च उजाडला की आमच्या घरात घन सुरू होतात. माझी मुलगी चौथीत आहे, कसल्याशा स्पर्धा परीक्षेला बसली आहे, आणि दात घासताना, वेणी घालून घेताना, बुटाची नाडी बांधताना तिचं आपलं चाललेलं असतं: एकाचा घन एक, दोनाचा घन आठ, तीनाचा घन सत्तावीस. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत असते. ‘दोनाचा घन आठ’ कानावर आलं की माझं लाटणं थांबतं. दरवर्षी थांबतं. नवरा म्हणतो, लोक पालीला घाबरतात, झुरळाला घाबरतात, माझी बायको आठाला घाबरते. म्हणू दे. त्याने ती टाकी पाहिलेली नाही.

मी मुळातच भित्री आहे हे आधीच कबूल करते. लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्टरांची चिठ्ठी तीनदा वाचल्याशिवाय मी बाटली हातातून सोडत नाही, आणि गिऱ्हाईक पायरी उतरून गेल्यावर पुन्हा बोलावून चौथ्यांदा विचारते, बाळाचं वजन किती म्हणालात? नेहमीची माणसं हसतात, नवी वैतागतात. कुणाच्या नव्या घराच्या जेवणाला गेले तर बाकीच्या बायका फरशी बघतात, किचनचा ओटा बघतात. मी गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी केवढी आहे आणि ती कशावर उभी आहे ते बघून येते. मग जेवण गोड लागतं.

या दिवसांत मावळाला धुराचा वास असतो. पुढच्या भाताची तयारी आमच्याकडे आत्ताच, ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होते. रोपं जिथे टाकायची त्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, वाळल्या फांद्या यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि ते सगळं सावकाश भाजून काढायचं. त्याला राब भाजणं म्हणतात. कार्ल्याच्या अंगाला सकाळी बघावं तर खाचराखाचरांतून धुराच्या निळसर रेघा उठलेल्या असतात. शाळेच्या खिडकीतून तो वास आत यायचा आणि समोर पेपर असायचा. त्यामुळे माझ्या नाकाला राब आणि परीक्षा यांत फरकच करता येत नाही. आजही हायवेने जाताना तो वास आला की वाटतं, आपला काहीतरी अभ्यास राहिलाय.

मी आठवीत होते त्या वर्षीचे हे दिवस मला दिवसाच्या नावासकट आठवतात.

आबा म्हणजे माझे वडील. गाव त्यांना आबा म्हणायचं म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. ते गवंडी. कार्ल्याजवळच्या आमच्या वस्तीतली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि लोणावळा-खंडाळ्याकडच्या बंगल्यांच्या मागच्या बाजू, म्हणजे मोऱ्या, कंपाउंड, नोकरांच्या खोल्या, यांतलंही बरंच काम त्यांचं. पुढच्या बाजू आर्किटेक्ट काढायचे, मागच्या बाजू आबा. त्यांना कागद लागत नसे. ओळंबा, थापी, सुती दोरी आणि आधी केलेलं एखादं काम एवढ्यावर ते उभं करायचे. नवं काम आलं की म्हणायचे, नमुना दाखवा. नमुना पाहिला की तो डोक्यात ठेवून लहान-मोठा करायचे.

टाकीचा नमुना आमच्याच अंगणात होता. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच अशी काँक्रीटची टाकी, नऊ इंची विटांच्या चार खांबांवर. आबांनी लग्नाच्या वर्षी बांधलेली. तिला केसाएवढीही चीर नव्हती, आणि हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या वर्षी माझ्या सुमनमावशीने कुसगावला आपल्या घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरवलं. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना बुरशी येईतो पाणी पडतं आणि मार्चमध्ये विहिरीत बादली आपटते. पाहुण्यांना तर दोन दोन वेळा आंघोळ लागते. मावशी म्हणाली, दाजी, मोठी टाकी बांधा. आबांनी विचार करायला चहा संपेपर्यंतचा वेळ घेतला. आपली टाकी दुप्पट करू, म्हणाले. तीनाच्या जागी सहा फूट, लांब, रुंद, उंच. आणि खांबही दुप्पट जाड, नऊच्या जागी अठरा इंची. भिंतीची जाडी मात्र तीच ठेवली. मावशी खूश झाली. मीही झाले, कारण सहा फुटी टाकीखाली माणूस उभा राहावा म्हणून खांब उंच घेतले होते आणि तिथे दुपारची सावली छान पडायची.

काँक्रीट ओतल्यावर त्याला तीन आठवडे रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर ते तडकतं. ते काम माझ्याकडे आलं. शाळा लोणावळ्याला, सकाळची. सुटले की कुसगावला उतरायचं, मावशीकडे जेवायचं, पाइप घेऊन टाकीला भिजवायचं आणि संध्याकाळच्या एसटीने घरी. हातात पाइप, तोंडाने वर्ग आणि घन. भिजलेल्या काँक्रीटचा वास मला तेव्हा फार आवडायचा. तीन आठवडे संपून येणाऱ्या रविवारी टाकी पहिल्यांदा भरायची असं ठरलं होतं. त्याच रविवारी मावशीकडे पहिले पाहुणे येणार होते. आमची वार्षिक परीक्षा त्याच आठवड्यात होती, सोमवारी मराठीने सुरू आणि शनिवारी गणिताने शेवट.

परीक्षेच्या हंगामात आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासिका चालायची. घरात पोरांना जागा नसते, विहारात फरशी गार असते आणि वर पंखा असतो. शिकवायला विशाखाताई असायची. ती पुण्याला बी.एस्सी. करत होती आणि सुटीच्या दिवशी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात उभी राहायची. परीक्षेच्या आदल्या रविवारी, दुपारी चारच्या सुमाराला, ती एक खोका घेऊन आली. दुकानात विकता येत नाहीत असे कडेचे ओबडधोबड चॉकलेट फजचे तुकडे तिने घरी सुरीने तासून सारखे चौकोनी ठोकळे केले होते. छत्तीस होते. आम्ही पंधरा जण होतो, त्यामुळे आमचं लक्ष गणितात नव्हतं.

तिने वर्तमानपत्र पसरलं आणि आम्हाला ठोकळे रचायला लावले. एक ठोकळा, हा एकाचा घन. मग दोन लांब, दोन रुंद, दोन उंच, आठ ठोकळे. मग तीन-तीन-तीनचा, सत्तावीस. तीन मनोरे उभे राहिले. आता हे मोडा, म्हणाली, आणि सगळे सपाट मांडा, चौरसात. आम्ही मांडत गेलो. सहाच्या सहा ओळी झाल्या. एक उरला नाही, एक कमी पडला नाही. एक, दोन, तीन यांची बेरीज सहा, आणि सहाचा वर्ग छत्तीस. चाराचा घन मिळवा, शंभर होतील, दहाचा वर्ग. पुढेही असंच चालू राहतं, ती म्हणाली. कुणीतरी विचारलं, असं का होतं? शाळेत असं विचारलं तर सहसा ओरडा बसायचा. विशाखाताई नुसती हसली आणि म्हणाली, तेच तर बघायचंय.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगता येणं कठीण आहे. इतके दिवस वर्गांचा पाढा वेगळा आणि घनांचा वेगळा, दोन्ही नुसते घोकलेले. ते आतून एकमेकांना धरून आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला आनंद झाला, खरंच झाला. मी विचारलं, मग दोघं सारखे कधी असतात? ती म्हणाली, एकाला असतात. एकाचा वर्गही एक आणि घनही एक. पुढे घन सुटतो. दोनाला वर्ग चार, घन आठ. तीनाला नऊ आणि सत्तावीस. वस्तू मोठी होत जाते तसा घन वर्गाच्या पुढे पळत जातो. म्हणून तर मुंगी उंचावरून पडली तरी तिला काही होत नाही आणि हत्तीला एवढे जाड पाय लागतात. वजन घनाने वाढतं, आणि पायांची वजन पेलायची ताकद त्यांच्या जाडीच्या वर्गाने.

बाकीच्यांनी फजवर झडप घातली. माझ्या वाट्याचे दोन तुकडे माझ्या तळहातावर विरघळत होते आणि मी ते खात नव्हते. लांब दुप्पट, रुंद दुप्पट, उंच दुप्पट. पाणी आठपट. खांब दुप्पट जाड, म्हणजे पेलायची ताकद चौपट. मी दोनदा केलं, बोटांवर केलं, फरशीवर बोटाने काढून केलं. तेच येत होतं. आबांच्या खांबांच्या प्रत्येक इंचावर आमच्या अंगणातल्या टाकीपेक्षा पाण्याचं दुप्पट ओझं येणार होतं, आणि ते खांब तेवढं पेलतील की नाही हे कुणीच बघितलेलं नव्हतं. मी विशाखाताईला विचारायला गेले तेव्हा ती चप्पल घालत होती. तिचीही परीक्षा होती, पुण्याची गाडी होती. ती गेली.

लहान असताना वर्ग आणि घन बरोबर असतात, ही गोष्ट मला त्यानंतर फार वेळा आठवली आहे. लहान दुकान, लहान गाव, लहान टाकी, सगळं कसं ठीक चाललेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, हेच दुप्पट करू. आमचं लोणावळं माझ्या डोळ्यांदेखत असं दुप्पट होत गेलं. रस्ता रुंद केला तर गाड्या त्याच्या किती पट आल्या ते शनिवारी कुणीही येऊन मोजावं. पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझी पाचावर धारण बसली होती.

सांगायचं कुणाला? आबांना सांगायचं म्हणजे तुमचं चुकलं असं म्हणायचं. आबा मारकुटे नव्हते, पण त्यांच्या कामात कुणी बोट घातलेलं त्यांना खपत नसे. एकदा एका बंगल्याच्या इंजिनीअरने त्यांच्या भिंतीला लेव्हलपट्टी लावली तर ते दोन दिवस जेवले नव्हते. आणि माझंच चुकलं असेल तर? गणितात मी सहामाहीला काठावर पास झालेली. सोमवारी मराठीचा पेपर होता. निबंधाला ‘माझा आवडता ऋतू’ होता, आणि मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. दुपारी कुसगावला पाइप घेऊन उभी राहिले. टाकीच्या सावलीत मावशीने कपडे धुवायला नवा दगड आणून टाकला होता.

मंगळवारी तिने तिथे मोरी करायचं बोलून दाखवलं. मी म्हटलं, मावशी, इतकं पाणी लागेल का गं? ती म्हणाली, अगं, पाहुण्यांची अंघोळ तुला म्हाईत न्हाई. बुधवारी हिंदीचा पेपर झाला. मी टाकीखाली उभी राहून वर बघितलं आणि लगेच बाहेर सरकले. गुरुवारी मी आईला सगळं सांगायला तोंड उघडलं आणि निम्मंच सांगितलं. आबांच्या कामात काहीतरी चूक दिसतेय, एवढंच. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, मला त्यातलं कळत न्हाई. सांगायचं तर माणसांत सांगू नको, एकटे असले की सांग. पण सांगच असं ती म्हणाली नाही, आणि मी त्यातून माझ्या सोयीचं ऐकलं. रोज वाटायचं, उद्या माझी चूक मला सापडेल. वहीची मागची पानं भरली. चूक सापडत नव्हती.

शुक्रवारी, पाणी मारायचे तीन आठवडे संपले म्हणून, विज्ञानाचा पेपर देऊन सरळ घरी आले तर आबा आमच्या खाचरात राबावर माती पसरत होते. आमचं तेवढं एकच खाचर. आजूबाजूला कुणी नव्हतं. परवा टाकी भरणार होते. मी बांधावर उभी राहिले. मी खांब म्हटलं नाही, टाकी म्हटलं नाही. मी विचारलं, “आबा, वाफा दुप्पट लांब आनि दुप्पट रुंद केला, तर बी किती लागतं?”

“चौपट,” ते म्हणाले. “ह्ये काय इचारायचं?”

“मग टाकी दुप्पट लांब, दुप्पट रुंद आनि दुप्पट उंच केली, तर पानी?”

फावडं थांबलं. वाफ्याचं गणित मावळातल्या कुठल्याही शेतकऱ्याला झोपेत विचारा, तो चुकायचा नाही. आबाही चुकले नव्हते. पण गवंडीकामात लांबी वेगळी मोजतात, रुंदी वेगळी, उंची वेगळी. प्रत्येक मोजली आणि प्रत्येक दुप्पट केली की माणसाला वाटतं, सगळं दुप्पट झालं. आबा काही न बोलता घराकडे चालायला लागले. मी मागोमाग. मागच्या पडवीत फळ्या होत्या. त्यांनी फळ्यांची एक वीतभर पेटी उभी केली आणि शेजारी दोन वितींची. लहान पेटीने वाळू भरभरून मोठीत ओतायला लागले. मी मोजत नव्हते, मला उत्तर माहीत होतं. ते मोजत होते. सात झाल्यावर त्यांनी एकदा मोठ्या पेटीत डोकावून पाहिलं. आठवी ओतली आणि पेटी काठोकाठ भरली.

मग त्यांनी काडीने मातीत खांबाचा चौकोन काढला, नऊ इंची. शेजारी अठरा इंची. मोठ्या चौकोनात लहान किती बसतात ते काढलं. चार. काडी तिथेच टाकली.

“पानी कवा भरायचं हाय?”

“परवा.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं आलं ते मी कधी विसरणार नाही. निम्मीच भरू, ते म्हणाले. निम्मं पाणी म्हणजे चौपट, आणि खांब चौपटच आहेत. टाकीला अर्ध्या उंचीवर भोक पाडून नळी काढू, म्हणजे त्याच्या वर पाणी चढणारच नाही. मावशीला सांगून येतो. मी रविवारपासून घनाशी झुंजत होते आणि आबांनी एका श्वासात उत्तर काढलं होतं. मला हसू आलं, रडूही आलं. वाटलं, संपलं. आई चहा घेऊन आली.

आबांनी चहा घेतला नाही. ते पडवीच्या कडेला बसले आणि वाळूच्या पेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “खंडाळ्याला म्या बांधलेली असलीच येक हाय. तीन वरसं झाली. ती भरलेली हाय.”

आई म्हणाली, तीन वर्षं उभी आहे म्हणजे चांगलीच असेल. आबा म्हणाले, असंल. आणि उठून शर्ट घालायला लागले. त्यांनी तिथे जायची काहीच गरज नव्हती. कुणी विचारलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. तोंडातून शब्द काढला तर त्या बाजूची सगळी कामं जाणार होती, कारण जो गवंडी स्वतःच्या तोंडाने चुकलो म्हणतो त्याला पुन्हा कोण बोलावतं? दाराशी ते वळले. उद्या तुझा गणिताचा पेपर ना, म्हणाले. व्हय, मी म्हटलं. तरी चल, म्हणाले, मला हिशेब सांगता यायचा नाही.

एसटीने लोणावळा, तिथून रिक्षाने खंडाळा. बंगला दरीच्या कडेला होता, पुढे हिरवळ आणि झोपाळा, मागे वॉचमनची खोली. खोलीला लागून टाकी. आमच्या मावशीच्या टाकीची सख्खी बहीण; रंग दिलेला, वर वेल चढवलेला. टाकीखाली वॉचमनची बायको, शांताबाई, भांडी घासत होत्या. आणि पुढच्या दोन खांबांच्या मध्ये साडीची झोळी बांधली होती. झोळीत मूल होतं. पाच-सहा महिन्यांची मुलगी, गाढ झोपलेली. बंगल्यात तेवढीच एक जागा दुपारी गार असायची.

आबांनी नमस्कार केला नाही, ओळख दिली नाही. सरळ आत शिरले, दोन्ही हातांनी मूल उचललं आणि शांताबाईंच्या हातात दिलं. “ताई, लेकराला घेऊन भायेर जा. आदी जा.” त्या घाबरून उठल्या. आबांनी झोळीची गाठ सोडली. मग खाली बसून एकेका खांबाच्या बुडाशी हात फिरवला. चौथ्या खांबाशी हात थांबला. गिलाव्यात एक आडवी रेघ होती. आबांनी त्यात अंगठ्याचं नख घातलं, आणि नख आत गेलं.

वॉचमनने मालकाला मुंबईला फोन लावला. मालक म्हणाले, उद्या पाहुणे येणार आहेत, तीन वर्षांत काही झालं नाही, टाकीला हात लावायचा नाही. आबांनी फोन मागून घेतला. “साहेब, म्याच बांधली. म्याच सांगतो, चुकली.” पलीकडून काहीतरी मोठ्याने ऐकू आलं. आबांनी फोन माझ्या हातात दिला. मी दुप्पट, चौपट, आठपट असं सगळं एका दमात सांगितलं. मालकांनी विचारलं, कितवीत आहेस? मी सांगितलं, आठवी. ते म्हणाले, बापाला सांग, निम्मी रिकामी कर. आणि फोन ठेवला.

आबांनी खालचा व्हॉल्व्ह उघडला. मार्च महिन्यात, जिथे बायका हंड्यासाठी टँकरची वाट बघतात तिथे, हजारो लिटर पाणी दरीकडे वाहायला लागलं. बघवत नव्हतं. आम्ही दोघं जरा लांब, चाफ्याखालच्या कट्ट्यावर बसलो. पाण्याच्या आवाजात आबांनी विचारलं, “तुला ह्ये कवा कळलं?”

“ऐतवारी.”

त्यांनी बोटांवर मोजलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. पंजा संपला. “पाच दिस,” म्हणाले. “का गप ऱ्हायलीस?”

“तुमी रागावाल म्हनून.”

“रागावलो असतो,” आबा म्हणाले. “दोन शब्द बोललो असतो. त्येच्या म्होरं काय?”

खंडाळ्याची टाकी मला ठाऊक नव्हती, असं मी म्हणू शकले असते, आणि ते खरंही होतं. पण मी म्हटलं नाही. मी कुसगावला एका रिकाम्या टाकीकडे बघून घाबरत होते, आणि ते पाच दिवस इथे भरलेल्या टाकीखाली ही मुलगी रोज दुपारी झोपत होती.

शांताबाई चहा घेऊन आल्या. मूल कडेवर होतं, जागं झालेलं, आणि वाहत्या पाण्याकडे बघत होतं. त्यांनी आधी कप माझ्या हातात दिला. डोळे भरले होते त्यांचे. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “तुज्यामुळं माजं लेकरू वाचलं गं बाय.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मान खाली घालून मी तो चहा प्यायले.